‘नेक्स्ट’ दाबण्याआधी: प्रोग्रॅमिंगची टूल्स कुठे टाकायची?

भाच्याने नव्या लॅपटॉपवर फ्लटर (मोबाइल अ‍ॅप बनवायचं टूल) शिकायला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, "मामा, सगळं टाकलंय, पण चालतच नाहीये." गंमत अशी की पठ्ठ्याने हौसेने विंडोजच्या खात्याला नाव-आडनाव दिलं होतं, तेही देवनागरीत. त्यासोबत लागणारा अँड्रॉइड स्टुडिओ आपला एसडीके, म्हणजे अ‍ॅप बनवायला लागणारा टूल्सचा संच, गुपचूप यूझरच्या फोल्डरात टाकतो. मग प्रत्येक पाथमध्ये (फाइलच्या पूर्ण पत्त्यात) देवनागरी अक्षरंही आली आणि स्पेसही, आणि अशा पाथवर बरीच टूल्स अडखळतात.

म्हणून आधी कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी) उघडा. कर्सरच्या आधी जो पाथ दिसतो, त्यात तुमच्या यूझर फोल्डरचं नाव असतं. ते इंग्रजी अक्षरांत आणि स्पेसशिवाय असेल तर बरीच टूल्स ठरलेल्या जागी गेली तरी चालतं. नसेल तर सेटिंग्जमध्ये खात्याचं नाव बदलून उपयोग नाही, कारण फोल्डरचं नाव तेच राहतं. नवं खातं काढा. भाच्यालाही तेच करायला लावलं.

आता सी ड्राइव्हच्या मुळाशीच एक फोल्डर करा. नाव इंग्रजी लिपीत आणि छोटं ठेवा. माझं ‘डेव्ह’ (dev) आहे, तीन अक्षरांचं. छोटं अशासाठी की विंडोजमध्ये पाथची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे, आणि नोडचं (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या टूलचं) एखादं पॅकेज फोल्डरात फोल्डर घालत तिथवर सहज पोचतं. विंडोज 10 पासून ही मर्यादा उठवता येते, पण ती सोय आपण चालू करावी लागते आणि सगळे प्रोग्रॅम ती मानत नाहीत.

‘प्रोग्रॅम फाइल्स’चं काय? त्या नावातच स्पेस आहे. पाथला अवतरणचिन्हं द्यायची राहिली की कमांड स्पेसपाशी तुटते आणि ‘सी:\प्रोग्रॅम’ नावाची कमांडच नाही अशी तक्रार येते. शिवाय तिथे लिहायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते. गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) तिथे सुखाने नांदतं, त्याला हलवू नका. पण फ्लटर अपडेट होताना स्वतःच्याच फोल्डरात लिहितं, त्यामुळे ते ‘डेव्ह’मध्येच बरं. कॉलेजच्या लॅबमधला सामायिक संगणक असेल तर मात्र उलटं: कुणीही फायली बदलू नयेत म्हणून ‘प्रोग्रॅम फाइल्स’च योग्य.

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स टाळा. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तो प्रोजेक्टच्या हजारो बारीक फायली वर चढवत बसतो.

सी ड्राइव्ह लहान असेल तर अँड्रॉइड स्टुडिओच्या सेटअपमध्ये ‘कस्टम’ निवडून एसडीके डी ड्राइव्हवर न्या, पण डी हा एसएसडी असेल तरच. इथे बरेच जण फसतात. एसडीके हलवला तरी एम्युलेटरचा (संगणकावरच्या नकली फोनचा) डेटा आणि ग्रेडलची (अ‍ॅप बांधणाऱ्या टूलची) कॅश यूझर फोल्डरातच साठत राहते, तीही कित्येक जीबी. त्यासाठी ‘अँड्रॉइड एव्हीडी होम’ आणि ‘ग्रेडल यूझर होम’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम वाचतात त्या विंडोजमधल्या नोंदी, वेगळे द्यावे लागतात. लिहिताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं वापरा, शब्द अंडरस्कोअरने जोडा.

जावाच्या फोल्डराला आवृत्तीचा आकडा द्या, 17 आणि 21 शेजारी-शेजारी राहू देत. ‘जावा होम’ या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये जावाच्या मुख्य फोल्डरचा पाथ जातो, त्यातल्या ‘बिन’ फोल्डरचा नाही.

आधीच चुकीच्या जागी टाकलं असेल तर कट-पेस्ट करू नका. अनइन्स्टॉल करून नव्या जागी टाका. पायथनच्या व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या पॅकेजांच्या वेगळ्या फोल्डरात) तर पूर्ण पाथ कोरलेला असतो. आधी पॅकेजांची यादी फाइलमध्ये काढून ठेवा, मग ते डिलीट करून नव्या जागी नव्याने करा.