स्वस्त हायब्रिड सायकलीवर पैसे आधी कुठे घालावेत

स्वस्त हायब्रिड, म्हणजे रोड आणि माउंटन बाइकच्या मधली, सायकल सुधारायची म्हटले की लक्ष आधी पुढच्या सस्पेन्शन फोर्ककडे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या, धक्के शोषणाऱ्या दांड्यांकडे जाते. तो बदलू नये. कमी किमतीचा फोर्क वजन वाढवतो आणि चढावर पायांची शक्ती खातो. गोव्यात सायकलीची खरी परीक्षा चढ, पाऊस आणि खारी हवा घेतात, म्हणून खर्चाचा क्रमही त्यांच्याकडे पाहून ठरवावा.

सुरुवात बिनखर्ची आहे. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ होईल इतकी सीट वर घ्यावी. मग चवडा पॅडलवर आला की गुडघ्याला हवा तेवढाच बाक राहतो.

पहिला पैसा ब्रेकला द्यावा. पणजीतल्या आल्तिनोच्या उतारावर भर पावसात रिम ओली असते आणि शूचे, म्हणजे रिमला घासणाऱ्या ब्रेकच्या ठोकळ्याचे, रबर कडक झाले असेल, तर सायकल थांबायला भलतेच अंतर घेते. शू, आतली तार आणि आउटर, म्हणजे तारेवरचे आवरण, एकदमच बदलावेत, कारण गंजलेल्या आउटरमध्ये नवी तार घालूनही ब्रेक जडच राहतो. गिअरच्या तारांनाही हेच लागू आहे. निकामी ठरवलेला डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, पुष्कळदा नव्या तारेने सुधारतो.

नंतर टायर. त्याच्या कडेवर ३५-६२२ असा आकडा असतो: पहिला रुंदीचा, दुसरा रिमच्या मापाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा जुळलाच पाहिजे. रुंदी वाढवायची असल्यास मडगार्डखालची जागा आधी मोजावी.

चेन साध्या स्टीलच्या पट्टीने तपासता येते. नव्या चेनची कोणतीही एक पिन शून्यावर धरली, तर तिच्यापुढची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंचाने पुढे गेलेली दिसली की चेन बदलावी. १/८ इंच होईपर्यंत थांबल्यास मागच्या चक्रांचे दातेही झिजतात, नवी चेन त्यांच्यावरून घसरते आणि खर्च दुप्पट होतो.

फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, झिजलेच असेल, तर मात्र संधी साधावी. सात गिअरच्या १४-२८ दात्यांच्या फ्रीव्हीलऐवजी १४-३४ चे घेतल्यास, पुढचे लहान चक्र २८ दात्यांचे धरून, सर्वांत हलक्या गिअरचे प्रमाण (पुढचे दाते भागिले मागचे) १ वरून सुमारे ०.८२ वर येते; फर्मागुडीचा चढ चढणाऱ्याला हा फरक पायांत जाणवतो. आपला डिरेलर ३४ दाते पेलतो का, हे विचारून घ्यावे आणि चेन थोडी लांब लागेल हे गृहीत धरावे. फ्रीव्हील काढण्याचे हत्यार वेगळे असते, तेव्हा हे काम दुकानातच करून घ्यावे.

समुद्राकाठी फिरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवावी, मात्र हबवर, म्हणजे चाकाच्या मध्यभागावर, जोराची धार मारू नये. चेन पुसून प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडावा आणि वरचे तेल टिपून घ्यावे, नाहीतर त्यावर लाल माती चिकटते. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, पावसाळ्यापूर्वी बाहेर काढून ग्रीस लावून परत बसवावा. खाऱ्या हवेत तो फ्रेममध्ये घट्ट अडकून बसला, तर पुढे हलवणे फार कठीण जाते.