समोरच्या मोबाईलला काय जमतं, हे वेबसाइटनं कसं ओळखावं

जावास्क्रिप्ट येतं, व्ह्यूपोर्टचा टॅग टाकलाय आणि साइट एचटीटीपीएसवर आहे, असं धरून चालतो. एचटीटीपीएस नसेल तर आधी ते करा, नाहीतर कॅमेरा, लोकेशन, सर्व्हिस वर्कर (पानामागे चालून नेटच्या मागण्या हाताळणारी स्क्रिप्ट) यांतलं काहीच हाती लागणार नाही.

पहिलं काम म्हणजे यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची ओळख म्हणून पाठवतो ती ओळ, वाचून फोन ओळखणारा कोड असेल तर तो काढून टाका. अजूनही कितीतरी व्हिडिओंत हेच शिकवतात, आणि नवी पोरं ते तसंच उतरवून घेतात याचं मला वाईट वाटतं. २०२३ पासून अँड्रॉइडवरचं क्रोम फोनच्या मॉडेलच्या जागी नुसतं ‘के’ हे अक्षर पाठवतं आणि अँड्रॉइडची आवृत्ती १० सांगतं, फोन कुठलाही असो. आयपॅडवरचं सफारी २०१९ पासून स्वतःला मॅक म्हणवतं. त्या ओळीवरून निपाणीतला जुना फोन आणि बेळगावच्या टिळकवाडीतला महागडा फोन वेगळे काढता येत नाहीत.

मग पानाला जे लागतं तेवढंच ब्राउझरला विचारा. बोटानं चालवतायत की माउसनं, हे मीडिया क्वेरीतल्या ‘पॉइंटर’ आणि ‘हॉवर’वरून कळतं. सीएसएससाठी ‘सपोर्ट्स’चा नियम आहे. एपीआयसाठी, म्हणजे कॅमेरा, लोकेशन अशा ब्राउझरच्या सोयींसाठी, ते नाव जावास्क्रिप्टच्या ‘नेव्हिगेटर’ या ऑब्जेक्टमध्ये आहे का ते बघा.

रॅम आणि नेटचा वेगही विचारता येतो, पण सफारी आणि फायरफॉक्स ते सांगत नाहीत. उत्तर आलं नाही म्हणजे फोन हलका, असं धरू नका. उत्तर आलं नाही तर सगळ्यांना हलकं पान द्या आणि जड चित्रं मागितल्यावरच उतरवा.

आता जिथं मी महिनाभर अडकलो होतो ते सांगतो. एखादी सोय ‘आहे’ आणि ती ‘चालते’ यांत फार अंतर असतं.

बेळगावच्याच शहापुरातल्या एका साडी व्यापाऱ्यासाठी मी ऑर्डरचा फॉर्म केला होता. त्यांची माणसं खानापूर तालुक्यातल्या गावांत फिरून ऑर्डर घेत. नेव्हिगेटरची ‘ऑनलाइन’ ही प्रॉपर्टी हो म्हणाली की मी ऑर्डर पाठवायचो आणि उत्तराची वाट न बघता ‘पोचली’ असं दाखवायचो. जांबोटीकडून एकाचा फोन आला, “ऑर्डर पाठवलो की हो मी, पोचली म्हणून आलंय बघा.” सर्व्हरवर काहीच नव्हतं. ती प्रॉपर्टी ‘नाही’ म्हणाली तर विश्वास ठेवा. ‘हो’ म्हणाली तर फोन कुठल्यातरी नेटवर्कला जोडलाय एवढंच समजा. टॉवरची एक काडी दिसते, पण पलीकडे काही जात नाही, अशी जागा जंगलपट्ट्यात पावलोपावली लागते.

म्हणून मी सर्व्हरवरची एक छोटी फाइल मागवून बघायला लागलो. तीही फसली, कारण फाइल कॅशमधून, म्हणजे फोनमध्ये आधीच साठवलेल्या प्रतीतून, येत होती. फाइल मागवणाऱ्या ‘फेच’ला ‘नो-स्टोअर’ सांगा, सर्व्हिस वर्करला त्या पत्त्यापासून लांब ठेवा आणि पाच सेकंदांची मुदत घाला. मुदत नसेल तर माणूस फिरणाऱ्या चक्राकडे बघत उभा राहतो.

ही चाचणी झाली तरी ऑर्डर आधी फोनमध्येच इंडेक्स्ड डीबीत, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये, लिहा. ‘पोचली’ हा शब्द सर्व्हरचं उत्तर आल्यावरच दाखवा, तोवर ‘फोनमध्ये ठेवली आहे’ म्हणा. प्रत्येक ऑर्डरला फोनवरच वेगळा क्रमांक द्या, म्हणजे ती दोनदा पाठवली गेली तरी सर्व्हरला एकच आहे हे कळतं. माझ्याकडून हे राहिलं, आणि एकाच गिऱ्हाइकाच्या नावावर दोन इरकली साड्या पडल्या. नेट आलं की मागच्या मागे पाठवणाऱ्या बॅकग्राउंड सिंकच्या भरवशावर राहू नका, सफारीत ते नाही. पान पुन्हा उघडलं की शिल्लक ऑर्डरी पाठवा.

साठवणीची चाचणीही लिहून, परत वाचून करा. सफारीच्या जुन्या आवृत्तीत प्रायव्हेट मोडमध्ये लोकल स्टोरेज दिसायचं, पण लिहायला गेलं की एरर यायचा. लोकेशनचंही तसंच. एपीआय असतो, पण परवानगी नाकारलेली असते, म्हणून गावाचं नाव टाइप करायची जागा ठेवाच.

भाषा मात्र फोनवरून ओळखू नका. आमच्याकडे फोन इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो आणि माणूस मराठी वाचतो. आयपी पत्त्यावरून राज्य काढून भाषा ठरवणं तर सीमाभागात सरळ अन्यायच आहे. वरती मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तीन बटणं द्या आणि निवड लक्षात ठेवा. मराठी पानाला भाषेचा कोड ‘एमआर’ लावा. फाँटमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात.

शेवटी तपासणी. लॅपटॉपवरचा मोबाईल मोड पडदा लहान करतो, प्रोसेसर तुमचाच राहतो. एखादा जुना अँड्रॉइड यूएसबीनं जोडा, क्रोमच्या इन्स्पेक्ट पानातून त्याच्यावरचं पान उघडा आणि फॉर्म भरताना मधेच डेटा बंद करा. मग तोच फोन घेऊन जांबोटीच्या रस्त्याला जा आणि डेटा चालू ठेवून ऑर्डर पाठवा.