दुकानाची वेबसाइट करताय? या चुका टाळा, आणि डोमेन कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा

आमचं सोलापुरात टॉवेल-चादरीचं घरचं छोटं दुकान. साइट करायची ठरली तेव्हा ओळखीतल्या एका पोराला काम दिलं, त्यानं चांगली करून दिली, आम्हीही खूश, आणि डोमेन, म्हणजे साइटचं डॉट कॉमवालं नाव, घेताना कुणाचा ईमेल टाकलाय हे काय आम्ही विचारलंच नाही. पुढे एका दिवाळीच्या तोंडावर लातूरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला की अहो तुमची साइट उघडतीय पण वर भलत्याच जाहिराती दिसतायत. डोमेनची मुदत संपलेली. रिन्यू करा म्हणून आलेले सगळे मेल त्या पोराच्या जुन्या ईमेलवर पडून, आणि पोरगा नोकरीला पुण्यात, नंबर बदललेला. त्याच्या मामाला शोधत पार अक्कलकोट रोडपर्यंत गेलो तेव्हा कुठं त्याचा नवा नंबर मिळाला.

तेव्हा कळलं ते सांगतो. डॉट कॉमची मुदत संपल्यावर लगेच नाव जात नाही, डोमेन विकणारी कंपनी सहसा काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देते, ते दिवस कंपनीप्रमाणे कमीजास्त असतात. त्यानंतर ३० दिवस असे असतात की नाव परत मिळतं पण दंडासारखी जादा रक्कम भरावी लागते, आणि मग ५ दिवसांनी नाव मोकळं, कुणीही घ्यावं. आम्ही त्या ३० दिवसांत सापडलो, पैसे भरले, सुटलो. बिलबुक, पिशव्या, पाटी सगळ्यावर तेच नाव छापलेलं होतं हो, गेलं असतं तर काय केलं असतं.

म्हणून साइट कशावर बांधायची, वर्डप्रेस का शॉपिफाय, हा प्रश्न नंतरचा. आधी डोमेनचं खातं दुकानाच्या ईमेलवर, मालकाच्या मोबाईल नंबरवर, आणि पैसेही तुमच्याच खात्यातून. मुनिमाचा ईमेल नको, भाच्याचाही नको. साइटवाल्याला काम करायला वेगळं लॉगिन देता येतं. ज्यांची साइट आधीच झालीय त्यांनी आजच साइटवाल्याला फोन लावा आणि म्हणा डोमेन माझ्या खात्यात टाकून दे. डोमेन ज्या कंपनीकडनं घेतलंय त्याच कंपनीत खातं काढलं तर काम सोपं, दुसऱ्या कंपनीत न्यायचं तर त्याच्याकडनं ट्रान्सफर कोड (डोमेन हलवायला लागणारा पासवर्ड) घ्यायचा, पण डॉट कॉम नवीन घेतल्यावर पहिले ६० दिवस असं हलवता येत नाही, तेवढं धरून चाला.

आता कशावर बांधायची. तुमचा धंदा होलसेलचा असेल, माल दहा-पंधरा प्रकारचा आणि भाव फोनवरच ठरत असेल तर कार्ट (साइटवर माल निवडायची टोपली), पेमेंट गेटवे (साइटवरच पैसे घ्यायची सोय) यात पडूच नका. फोटो, साईज, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील, पत्ता आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, बास. रिटेल पार्सलं रोज जात असतील तर शॉपिफायसारखं दर महिन्याचं भाडं परवडतं, कारण सर्व्हर, अपडेट बघायची कटकट तुमच्यामागं राहत नाही. वर्डप्रेस फुकट आहे पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), अपडेट, बॅकअप हे कुणीतरी सतत बघायला लागतंय, आणि कुणी फुकटात दिलेली पायरसीची थीम (साइटचं तयार डिझाइन) तर अजिबात टाकू नका, त्यातनंच व्हायरस शिरतो. विक्स नावाच्या साइट बांधायच्या सेवेवर बांधलेली साइट आहे तशी उचलून दुसरीकडं नेता येत नाही, नव्यानं बांधावी लागते, हे घ्यायच्या आधी माहीत पाहिजे. गुगलवर दुकानाची नोंद केली की एक फुकट साइट मिळायची ती गुगलनं मार्च २०२४ मधे बंद केली, ज्यांनी तोच पत्ता कार्डावर छापला होता त्यांची कार्डं वाया गेली. नाव स्वतःचं असतं तर फक्त ते दुसरीकडं वळवायचं होतं.

मराठी मजकुराची चूक तर मी सोलापुरात कितीतरी साइटवर बघतो. फ्लेक्सवाल्याकडनं श्रीलिपीत, म्हणजे छपाईवाल्यांच्या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधे, टाईप केलेलं घ्यायचं, साइटवर पेस्ट करायचं, तिथं सगळी चिन्हंच दिसणार, मग वैतागून त्याचा फोटोच टाकायचा. असं केल्यावर गिऱ्हाइकाला त्यातला नंबर कॉपी करता येत नाही आणि ‘सोलापुरी चादर’ असं कुणी शोधलं तर तुमचं पान सापडायची शक्यताही कमी होते. मजकूर युनिकोडमधेच, म्हणजे सगळीकडं नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाईप करा, मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर होतोय की.

फोटोंचंही तसंच. मोबाईलचा एक फोटो सहज ४-५ एमबीचा, असे तीस एका पानावर टाकले की गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळून निघून जातो. १२०० पिक्सेल रुंदी ठेवून दोनशे केबीच्या आसपास आणा. आणि चादर दारात आणून सावलीतल्या उजेडात काढा, ट्यूबलाईटखाली मरून रंग वेगळाच दिसतो, मग माल परत येतो.

साइट बंद पडली तर घाबरून नवीन बांधायला देऊ नका, आधी काय दिसतंय ते बघा. भलत्या जाहिराती दिसल्या तर बहुतेक डोमेन संपलंय. कनेक्शन सुरक्षित नाही असं आलं तर एसएसएल (सुरक्षित कनेक्शनचं सर्टिफिकेट) बघा, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकटचं असेल तर त्याची मुदत ९० दिवसांची असते, आपोआप रिन्यू व्हायचं कधी कधी थांबतं. डेटाबेसची (साइटची माहिती साठवतात त्याची) चूक दाखवत असेल तर होस्टिंगवाल्याला फोन. डोमेन आणि होस्टिंग ही दोन वेगळी बिलं आहेत, एक भरलं म्हणजे दुसरं भरलं असं नाही.

आणि साइट चालू दिसते पण चौकशीच येत नाही असं असेल तर साइटवरचा चौकशीचा फॉर्म तपासा. आमचा फॉर्म चालू होता, मेल मात्र सगळे स्पॅममधे जात होते, त्यात हुबळीच्या एका हॉटेलवाल्यानं दोनशे टॉवेलची चौकशी केलेली तीन आठवड्यांनी दिसली, तोवर त्यानं दुसरीकडनं माल उचललेला. साइटवाल्याला सांगून मेल एसएमटीपीवरनं, म्हणजे खऱ्या ईमेल खात्यातनं लॉगिन करून, जातील असं करून घेतलं, आणि आता दर महिन्याच्या एक तारखेला शटर उघडल्यावर मी स्वतः मोबाईलवरनं फॉर्म भरून बघतो.