मंडळीचं ग्रंथालय: कपाट भरतं, वाचक येत नाही (या चुका टाळा)

चर्चमध्ये रविवारच्या उपासनेनंतरच्या सूचनांमध्ये 'आपल्या मंडळीचं (म्हणजे चर्चच्या समुदायाचं) ग्रंथालय सुरू होतंय, घरातली जुनी पुस्तकं आणून द्यावीत' असं एकदा जाहीर झालं की पुढच्या रविवारी पहिलं खोकं येतं. नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत असं खोकं मी स्वतः उपसलं आहे. वर एकाच पत्रिकेच्या अकरा प्रती. त्याखाली दहावीची गाइडं, एक कोरी डायरी आणि इंग्रजी ईश्वरविज्ञानाचे दोन जाडजूड ग्रंथ. त्यांची जोडलेली पानं कुणी कापलेलीसुद्धा नव्हती. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, पुठ्ठा निसटलेलं जुनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानांवर टाकाच्या अक्षरात चार पिढ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. एका नावापुढे फक्त 'प्लेग' एवढंच.

देणाऱ्या घराला ते शास्त्र आत आहे याची कल्पनाच नव्हती. मी ते परत नेऊन दिलं आणि नोंदींच्या पानांचे फोटो तेवढे मंडळीच्या दप्तरी ठेवून घेतले. असं शास्त्र देवघेवीच्या कपाटात जाता कामा नये. उरलेल्या खोक्यातून ठेवण्याजोगं एक पुस्तक निघालं. एक.

तर पहिली चूक ही की आपण जमवण्यापासून सुरुवात करतो. आलेलं पुस्तक नाकारायला जीव धजत नाही, कारण देणारे काका पुढच्या बाकावर बसतात. यावर उपाय म्हणजे जाहीर करण्याआधीच चार ओळींचा नियम कमिटीत मंजूर करून भिंतीवर लावायचा: भेट आलेलं पुस्तक ठेवायचं की नाही ते निवड समिती ठरवेल, न ठेवलेलं पुस्तक दुसरीकडे दिलं जाईल किंवा रद्दीत जाईल, परत हवं असेल तर तसं देतानाच सांगावं. नियम आधी लागलेला असला की 'माझंच पुस्तक का नाही?' हा प्रश्न भिंतीकडे पाठवता येतो. नियम नंतर केलात तर भांडण ठरलेलंच.

एकट्या पाळकसाहेबांनी निवडू नये

पाळकसाहेब (प्रोटेस्टंट चर्चचे धर्मगुरू) किंवा फादर यांची निवड वाईट असते असं नाही, पण ती त्यांच्या गरजेची असते. मग कपाटात भाष्यग्रंथ (शास्त्राचा अर्थ उलगडणारे) आणि प्रवचनांची टिपणं दाटतात. प्रत्यक्ष पुस्तक मागायला येतात त्या डोळ्यांना बारीक अक्षर न झेपणाऱ्या आजी, शनिवारी रात्री संडे स्कूलचा (मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गाचा) धडा शोधणाऱ्या ताई, आणि आईबाबा चहा घेत असताना कंटाळलेली पोरं. समितीत या तिघांचं कुणीतरी हवं. मी पहिल्या शंभर पुस्तकांत किमान तीस मुलांची ठेवतो, पंधरा मोठ्या टाइपातली आणि दहा संडे स्कूलच्या शिक्षकांसाठी. भाष्यग्रंथ पाच-सहा पुरे, तेही मराठीत मिळाले तर आधी मराठी.

मुलांच्या पुस्तकांबद्दल जरा अडतो. भाषांतरित चित्रकथा स्वस्त मिळतात म्हणून गठ्ठ्याने येतात. त्यांतली कुटुंबं बर्फात नाताळ साजरा करतात आणि भाषा अशी की 'त्याने आपले हात त्याच्या खिशांमध्ये ठेवले'. घेण्याआधी एक पान मोठ्याने वाचून पाहा. जीभ अडखळली तर पुस्तक खाली ठेवा.

घरचं सोडून बाहेरचं

ही चूक मला सगळ्यात खटकते. मराठी ख्रिस्ती लेखन चार शतकांचं आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, मराठी ओव्यांत, पण रोमन लिपीत. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ ची; मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ साली नगरला सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं शास्त्राचं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' गावातल्या कुठल्याही सार्वजनिक वाचनालयात मिळतील. मंडळीच्या कपाटात मात्र हटकून नसतात. नारायण वामन टिळकांची भजनं दर रविवारी गाणाऱ्या मंडळीत ही अवस्था! अलीकडचं हवं तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो आहेतच. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

यातलं जुनं सगळंच वाचायला सोपं नाही, हे मान्य. ख्रिस्तपुराण कुणी रविवारी दुपारी लोळत वाचणार नाही. पण एखाद्या ख्रिस्तजयंतीला त्यातल्या दहा ओव्या कुणाला म्हणून दाखवायच्या असतील, तर पुस्तक हाताशी असायला हवं.

शास्त्राची एकच आवृत्ती ठेवणं

'बायबल तर प्रत्येकाच्या घरी आहे' म्हणून कपाटात ते ठेवतच नाहीत, किंवा एकच ठेवतात. निदान चार वेगळ्या आवृत्त्या हव्यात: उपासनेत वाचतात ती, सोप्या मराठीतली, मोठ्या टाइपाची आणि कॅथलिक आवृत्ती. प्रोटेस्टंट शास्त्रात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलमध्ये ७३. आपल्या घरांत आता दोन्हीकडच्या सुना-जावई आहेत, त्यामुळे जास्तीची सात पुस्तकं कुठली हा प्रश्न येतोच. प्रत्येकीची एक प्रत बाहेर न देण्याची ठेवा, पुठ्ठ्यावर लाल पट्टी लावून.

काय घेऊ नये, हेही ठरवून टाका. दुसऱ्या पंथाची किंवा दुसऱ्या धर्माची टवाळी करणारं पुस्तक नको. 'विश्वास असेल तर गोळ्या बंद करा' अशा छापाचं तर अजिबातच नको. बीपीची माणसं बाकांवर बसलेली असतात. एखादं वादग्रस्त पुस्तक अभ्यासासाठी ठेवायचं असेल तर ते समितीने वाचलेलं असावं. नुसतं मुखपृष्ठ पाहून 'हो' किंवा 'नाही' म्हणू नये.

क्रमांक बरोबर, पुस्तक सापडत नाही

ही चूक माझी स्वतःची. शाळेच्या ग्रंथालयाची सवय म्हणून मी ड्यूईचं दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला आकडा देण्याची पद्धत, लावलं. त्यात धर्म सगळा २०० मध्ये आणि बायबल २२० मध्ये. मंडळीच्या कपाटात बहुतेक पुस्तकं त्याच वर्गातली, त्यामुळे दोन खण भरून २२० आणि दशांश चिन्हापुढे आकड्यांची माळ. एक ताई तीन रविवार बायबलमधल्या दानिएलाच्या गोष्टी शोधत होत्या. चौथ्या रविवारी मी आकडे झाकून रंगीत चिकटपट्ट्या लावल्या: मुलांसाठी पिवळी, शास्त्राभ्यासाला निळी, चरित्रांना हिरवी, गाणी-उपासनेला केशरी, बाकी सगळ्याला पांढरी. हजारेक पुस्तकं होईपर्यंत एवढं पुरतं.

दाखल नोंदवही मात्र पहिल्या दिवसापासून हवी: क्रमांक, तारीख, नाव, लेखक, कुठून आलं, किंमत. पुस्तक हरवलं किंवा बाद केलं तरी त्याचा क्रमांक दुसऱ्याला देऊ नका, नाहीतर वर्षाच्या मोजणीत गोंधळ होतो. दंड आकारू नका. दंडाच्या भीतीने पुस्तकही परत येत नाही आणि माणूसही. त्यापेक्षा ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात 'सगळी पुस्तकं जमा' असा रिवाज पाडा.

कुलूप

ग्रंथालय बंद पडल्याची तक्रार आली की मी आधी किल्ली कुणाकडे असते ते विचारतो. उत्तर बहुधा 'सेक्रेटरींकडे', आणि सेक्रेटरी उपासना संपताच पेटीतलं दान मोजायला बसलेले. लोक आवारात थांबतात तो वेळ वीस मिनिटांचा. त्या वीस मिनिटांत कपाट उघडं नसेल तर ते आठवडाभर बंदच राहतं. दोन किल्ल्या करा, तरुण संघातल्या दोघांना पाळीने द्या, आणि कपाट वेस्ट्रीतून (धर्मगुरूंच्या तयारीच्या खोलीतून) काढून चहाच्या टेबलाजवळ आणा. दारं काचेची असली तर उत्तम. लोखंडी बंद कपाटात काय आहे ते कुणाला कळत नाही.

पावसाळा

वसई, अलिबाग, रत्नागिरीकडे कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवलं की जुलैत पाठच्या खणाला बुरशी आलीच. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा, खालचा खण रिकामा सोडा, पुस्तकं ठासून भरू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं पुस्तक आतल्या आत घामेजतं. कसर लागलेलं पुस्तक इतरांपासून आधी वेगळं काढा, पानन् पान उलटून मऊ ब्रशने झटका; कीटकनाशकाचा फवारा पानांवर मारू नका. भिजलेलं पुस्तक उन्हात टाकलं तर पानं वाकडी होतात. मध्येमध्ये टिपकागद घालून पंख्याखाली उभं ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते. खळ आणि पातळ कागद पुरे.

झेरॉक्सचाही प्रश्न येतोच: 'पुस्तक मिळत नाही, पूर्ण कॉपी काढून ठेवू?' भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, लक्ष्मीबाई १९३६ साली; त्यांच्या हयातीत छापलेल्या मूळ लेखनाला आता अडचण नाही. पण नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, नवं भाषांतर यांचे हक्क वेगळे असतात. हयात गीतकाराची गाणी तर विचारल्याशिवाय छापूच नयेत.

पैशाचं एवढंच: वार्षिक अंदाजपत्रकात ग्रंथालयाची वेगळी ओळ मागून घ्या, रक्कम छोटी असली तरी चालेल. एका मंडळीत हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाला) होणाऱ्या लिलावातला एक भोपळा दरवर्षी ग्रंथालयाच्या नावाने बोलतात. मागच्या खेपेला त्या भोपळ्याच्या पैशात मुलांची नऊ पुस्तकं आली.