कडाक्याच्या थंडीआधी घर कसं तयार ठेवावं

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडला पारा दोन अंशांच्या खाली उतरला होता आणि त्याच सुमारास नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. नाशिक, धुळे, जळगाव आणि विदर्भातल्या लोकांना अशा पहाटा नव्या नाहीत, पण आपली घरं त्यासाठी बांधलेली नसतात. वर पत्रा, भिंतीला झरोके, खिडकीला नुसती जाळी, खाली शहाबादी फरशी. मे महिन्यात हे सगळं सुखाचं वाटतं, जानेवारीत तेच अंगावर येतं. मग माणसं आगीचा आसरा घेतात, आणि बंद खोलीतल्या शेगडीने किंवा न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचाव्या लागतात. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: रात्री घरात विस्तव नेण्याची वेळच येऊ नये, इतकी तयारी आधी करून ठेवायची.

१. ऑक्टोबरच्या उन्हात अंथरूण-पांघरूण काढा

नवरात्र झालं की माळ्यावरच्या गोधड्या, रजया, घोंगड्या खाली उतरवा. ऑक्टोबरचं ऊन त्यांना चांगलं भाजून काढतं, नोव्हेंबरात ते ऊन राहत नाही. रजई हाताने दाबून पाहा. दाबल्यावर फुगून वर येत नसेल तर आतल्या कापसाचे गोळे झाले आहेत. ऊब कापसाच्या तंतूंत अडकलेल्या हवेमुळे टिकते, गोळ्यांमध्ये हवा राहत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या, नव्या रजईपेक्षा कितीतरी स्वस्तात काम होतं. घोंगडी गरम पाण्यात घालू नका, लोकर आटते. झटकून, उन्हात टाकून, डाग असेल तेवढाच थंड पाण्याने पुसला तरी पुरतं.

आता अंथरण्याबद्दल, कारण इथे बहुतेक घरांत उलटं होतं. अंगावर तीन पांघरुणं आणि खाली एक सतरंजी, असं झोपून रात्रभर कुडकुडणारी माणसं मी पाहिली आहेत. आपल्या वजनाने खालचं अंथरूण दबतं, त्यातली हवा जाते आणि फरशी अंगातली ऊब ओढून घेते. बाजेवर झोपणाऱ्याला तर सुंभाच्या फटींतून खालून वारा लागतो. बाजेवर आधी तागाचं पोतं पसरा, त्यावर सतरंजी, मग घडी घातलेली जाड गोधडी. अंगालगत सुती चादर, तिच्यावर रजई आणि सर्वांत वर घोंगडी, म्हणजे वारा अडतो. जमिनीवर झोपणं भाग असेल तर पोत्यात कोरडा पेंढा किंवा कडब्याची कुट्टी भरून तोंड शिवून टाका. गादीखाली हे पोतं असलं की फरशीचा गारवा वर येत नाही.

२. फटी शोधा, पण एक झरोका उघडा ठेवा

संध्याकाळी वारा सुटला की पेटती उदबत्ती घेऊन दारं-खिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरा. धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. दाराखालच्या फटीला जुन्या धोतराची किंवा साडीची गच्च गुंडाळी करून लावा. जाळीच्या खिडक्यांना बाहेरून जाड प्लास्टिकचा कागद पट्ट्या ठोकून बसवा, आणि सुरुवात उत्तरेच्या बाजूपासून करा, कारण आपल्याकडे थंडी उत्तरेच्या वाऱ्यावर बसून येते. वरचा एक झरोका मात्र बुजवू नका. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर त्या खोलीत धूर जायला मोठी वाट हवीच.

पत्र्याच्या घराला आणखी एक त्रास असतो. रात्री श्वासातली वाफ थंडगार पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे ते टपटपत पांघरुणावर पडतं. ओलं पांघरूण ऊब देत नाही. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्या बांधल्या तर मधल्या हवेच्या थरामुळे हे बरंचसं थांबतं. चुलीच्या वर मात्र तट्ट्या, ताडपत्री काहीही बांधू नका.

दिवसा याच्या उलट करा. डिसेंबरअखेरीस नाशिकच्या आकाशात भर दुपारचा सूर्यही जेमतेम ४६-४७ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. सकाळी दहाला त्या बाजूचे पडदे सारून टाका, अंथरुणं त्या उन्हात पसरा आणि चारच्या सुमारास खिडकी लावून घ्या. मावळतीपर्यंत वाट पाहिलीत तर दिवसभराची कमाई निघून जाते.

३. आंघोळीच्या पाण्याची सोय

तांब्याचा बंब असेल तर तो अंगणातच पेटवा. पाण्याच्या हीटिंग रॉडबाबत मी फार आग्रही आहे. दीड हजार वॅटचा रॉड घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला लावला की तारा तापतात, त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि नीट अर्थिंग लागतं. बादली प्लास्टिकची घ्या. पाणी तापलंय का हे पाहायला हात घालण्याआधी बटण बंद करा आणि प्लगही काढा. मुलांना त्या खोलीत फिरकू देऊ नका.

गॅस गीझर न्हाणीघराच्या आत असेल तर थंडी सुरू होण्याआधी माणूस बोलावून तो बाहेरच्या भिंतीवर हलवून घ्या. चार फूट बाय चार फुटांच्या बंद खोलीत गॅस जळत राहिला की तिथला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला ना वास, ना रंग. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं आणि कडी काढायच्या आत माणूस खाली पडतो. गीझर हलवणं होणार नसेल, तर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा आणि मगच आत जाऊन कडी लावा. घरातल्या प्रत्येकाला, पाहुण्यांनासुद्धा, हे सांगून ठेवा.

४. शेगडी दाराबाहेर

लाकूड धुमसत असतं तेव्हा धुराने खोकला तरी येतो. निखारे लाल झाले, धूर थांबला की लोकांना वाटतं आता शेगडी आत न्यायला हरकत नाही. खरा धोका तेव्हाच असतो, कारण निखाऱ्यांतून तोच बिनवासाचा वायू निघत राहतो. खिडकी थोडी किलकिली ठेवली म्हणून भागत नाही. शेकायचं असेल तर ओसरीवर, अंगणात शेका आणि झोपायला जाताना निखारे पाण्याने विझवा.

बाळंतिणीच्या बाजेखाली शेक ठेवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. आजीचा जीव त्यात असतो, म्हणून वाद न घालता दुसरी सोय करून द्या. बाळाला टोपरं, मोजे घालून आईच्या उघड्या छातीशी धरायचं आणि दोघांवर मिळून पांघरूण घ्यायचं, बाळाचं तोंड उघडं ठेवून. आईच्या अंगाइतकी बेताची ऊब कुठली शेगडी देत नाही. धूर बाळाच्या छातीला घातकच.

कोणी बंद खोलीत बेशुद्ध सापडलं तर दारं-खिडक्या सताड उघडा, आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा.

५. घरातली म्हातारी माणसं

म्हाताऱ्या माणसाला थंडी बाधते तेव्हा ते कुडकुडेलच असं नाही. बोलणं जड येतं, गुंगी येते, हातातली वस्तू सुटते. घरच्यांना वाटतं झोप आली असेल. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेल्याची ही लक्षणं असू शकतात. ओले कपडे बदला, डोकं आणि छाती झाका, शुद्ध असेल तर कोमट गोड पेय द्या आणि दवाखाना गाठा. दारू अजिबात नको, तिने कातडीकडे रक्त जास्त धावतं आणि आतली ऊब उलट बाहेर पडते.

थंडीत रक्तदाब वाढतो, म्हणून पहाटेचं फिरणं ऊन आल्यावर ठेवा आणि गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा. मधुमेह असलेल्यांच्या पायाला गरम पाण्याची पिशवी थेट लावू नका. पायाची जाणीव कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही.

खाण्यापिण्याचं फार सांगायला नको, बाजरी, तीळ, डिंकाचे लाडू, हुलग्याचं माडगं आपल्याकडे आहेतच. बाजरीचं पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळून आणा, ते लवकर कडू होतं. पाणी कोमट करून प्यायला ठेवा, थंडीत तहान लागत नाही म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत.

६. गोठा

गोठ्याच्या उत्तरेला गोणपाटाचा पडदा सोडा, रात्री खाली, सकाळी वर. खाली कोरडं पाचट किंवा भुसा, आणि तो ओला झाला की त्याच दिवशी बदला. वासरांना गोणपाटाची झूल शिवा. पहाटे टाकीतलं पाणी पाजण्याऐवजी विहिरीतून ताजं काढा, ते बऱ्यापैकी कोमट असतं. जन्मलेलं वासरू लगेच पुसून कोरडं करा आणि तासाभरात चीक पाजा.

शेतीची वीज अनेक ठिकाणी रात्री येते, आणि पाणी द्यायला कोणीतरी जावंच लागतं. त्या माणसासाठी गमबूट, कानटोपी, कोरडे पायमोजे आणि एक जादा विजार पिशवीत बांधून दाराजवळ टांगून ठेवा. भिजलेल्या पायांनी पहाटेपर्यंत बांधावर उभं राहणं हे या सगळ्या थंडीतलं सर्वांत अवघड काम आहे, आणि त्याची तयारी घरात सर्वांत शेवटी होते.

७. लाट येते ती रात्र

हवामान खात्याच्या व्याख्येनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असेल आणि ते सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी घसरलं असेल, तर ती थंडीची लाट. पारा ४ अंशांवर किंवा खाली गेला तर सरासरी न पाहताही लाटच. जिल्ह्याचा अंदाज रोज पाहा आणि आभाळाकडेही लक्ष असू द्या. ढगाळ हवा असते तोवर थंडी बोथट राहते. ढग निवळून उत्तरेचा कोरडा वारा सुटला, रात्री चांदण्या लख्ख दिसू लागल्या, की जमिनीची ऊब विनाअडथळा वर निघून जाते आणि पारा झपाट्याने उतरतो.

त्या संध्याकाळी सगळे एकाच खोलीत झोपा, शक्यतो आतल्या, बाहेरच्या भिंती कमी असलेल्या. दोन थर्मास गरम पाण्याने भरून ठेवा, बॅटरी चार्ज करा, लहानांना पायमोजे घालूनच झोपवा. द्राक्षबाग असेल तर पहाटे विहिरीचं पाणी सोडायची तयारी ठेवा. उसाच्या भागात राहत असाल तर फडाशेजारी ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या असतात आणि त्यांत तान्ही मुलं असतात. घरात जास्तीची ताडपत्री, पेंढा, जुनी गोधडी असेल तर ती लाट येण्याआधी, उजेड असतानाच नेऊन द्या.

महाशिवरात्र झाली की थंडी जाते असं आपण म्हणतो, तरी गोधड्या लगेच माळ्यावर टाकू नका. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तर एखाद-दुसरी रात्र पुन्हा गारठते. होळीनंतर कडक उन्हात दोन दिवस वाळवा, घड्यांत कडुनिंबाचा सुकलेला पाला घाला आणि मगच वर ठेवा.