आदिवासी उठावांची इंग्रजी दप्तरे कशी वाचावीत

संताळांचा हूल किंवा मुंडांचे उलगुलान, म्हणजे या आदिवासी समाजांचे इंग्रजांविरुद्धचे उठाव, यांचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी इंग्रज सरकारची कागदपत्रे लागतात. ती लिहिणाऱ्यांना बंड मोडायचे होते, ते समजून घ्यायचे नव्हते. त्यामुळे आपल्या भूमीवर आपलेच राज्य असावे ही मागणी त्यांत दंगा, लूट किंवा धर्मवेड अशा नोंदींखाली झाकली गेली आहे. ती शोधायची असेल, तर कागद कोणत्या क्रमाने वाचायचे हे आधी ठरवावे.

चकमकीच्या तारखेपासून सुरुवात करू नये. निदान वीस-पंचवीस वर्षे मागे जाऊन जमिनीचे कागद पाहावेत. भोगनाडीह येथे ३० जून १८५५ रोजी हूलचे नेते सिदो आणि कान्हू यांनी हजारो संताळांना एकत्र आणले, परंतु त्या सभेची कारणे दामिन-इ-कोहच्या इतिहासात आहेत. राजमहाल टेकड्यांलगतचा हा मुलूख सरकारने १८३२-३३ मध्ये आखून घेतला, जंगल तोडून शेती करण्यासाठी संताळांना तेथे वसू दिले, आणि शेते पिकू लागताच सारा वाढवत नेला. त्यामागोमाग सावकार आले. साऱ्याची वाढ आणि कर्जाच्या तक्रारी वर्षवार शेजारी-शेजारी मांडल्या, की उठाव अचानक झाला हा अहवालातील दावा टिकत नाही.

त्यानंतर अर्ज वाचावेत. ज्यांनी पुढे शस्त्र उचलले, त्यांनी बहुधा आधी दीर्घकाळ कागदानेच दाद मागितलेली असते. उलगुलानाचे नेते बिरसा मुंडा यांच्या आधी मुंडा सरदारांनी कित्येक वर्षे सरकारदरबारी अर्ज केले. त्यांचा आधार खुंटकट्टीचा होता: ज्या कुळांनी जंगल साफ करून गाव वसवले, त्या कुळांची त्या जमिनीवर सामायिक मालकी. पूर्वजांच्या दफनस्थळी ठेवलेल्या शिळा, म्हणजे सासनदिरी, हाच मुंडांचा जमिनीच्या मालकीचा पट्टा होता. कचेरीला मात्र शिक्क्याचा कागद हवा होता. कोणता पुरावा ग्राह्य धरायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावरच लढा उभा होता, असे मला ठामपणे वाटते.

पकडलेल्यांचे जबाब वाचताना सर्वाधिक सावधगिरी बाळगावी. जबाब कैदेत घेतला गेला, दुभाष्यामार्फत घेतला गेला आणि प्रश्न अधिकाऱ्याचे होते, हे प्रत्येक पानावर लक्षात ठेवावे. ठाकुराच्या, म्हणजे देवाच्या, आज्ञेने आपण उठलो, असे हूलच्या नेत्यांनी सांगितले. अधिकाऱ्यांनी ती भोळी श्रद्धा मानली. परंतु कंपनीच्या हुकमापेक्षा वरचढ हुकूम आहे आणि तो आम्हाला मिळाला आहे, असे म्हणणे हा सत्तेवरचा उघड दावा आहे. असे उद्गार अंधश्रद्धेच्या रकान्यात टाकून पुढे जाऊ नये.

शेवटी, उठाव मोडल्यावर झालेले कायदे मूळ मागणीशी ताडून पाहावेत. हूलनंतर १८५५ च्या ३७ व्या कायद्याने संताळ परगणा सर्वसाधारण कायद्यांपासून वेगळा काढला गेला, पण तेथील कारभार सरकारी अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला. बिरसा ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात मरण पावले. १९०८ च्या छोटानागपूर कुळकायद्याने मुंडांच्या खुंटकट्टीला मान्यता दिली आणि जमीन हस्तांतरणावर बंधने घातली. जमिनीचा हक्क काही अंशी मान्य झाला. राज्य मात्र परत मिळाले नाही. ही तफावत स्वतंत्र टिपणात नोंदवावी, कारण कायद्याच्या प्रास्ताविकात ती सापडत नाही. मग तेच टिपण समोर ठेवून १९३५ च्या भारत सरकार कायद्यातील वगळलेल्या क्षेत्रांच्या, म्हणजे सर्वसाधारण कायद्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या आदिवासी भागांच्या, तरतुदी आणि आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा यांचे १९ डिसेंबर १९४६ चे संविधान सभेतील भाषण वाचावे, आणि कोणती मागणी तोवर शिल्लक राहिली होती ते पाहावे.