टिलर ठरल्याशिवाय शेणखत शेतात नेऊ नका

मेच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात साखळीहून वाळपईकडे जाताना दोन्ही बाजूंच्या मळ्यांकडे बघा. नांगर न लागलेल्या कोरड्या जमिनीत शेणखताच्या ढिगल्या ओळीनं मांडलेल्या दिसतील. ट्रॅक्टर मिळाला, गडी मिळाले, गायरी (शेणाचा खड्डा) उपसली, एक काम हातावेगळं झालं. पसरणार कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पावस येवं दी, मागीर पळोवया" (पाऊस येऊ दे, मग बघू). तोवर पंधरा-वीस दिवस त्या ढिगल्या उन्हात भाजतात. काही जण तर खत लगेच पसरून ठेवतात आणि टिलरची, म्हणजे नांगरणीच्या छोट्या यंत्राची, वाट बघत बसतात. हे त्याहून वाईट.

पहाटे गोठ्याचं दार उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा जो वास येतो, तो अमोनिया. म्हणजे तुमचा नत्रच (नायट्रोजन). गाईच्या मलमूत्रातला साधारण निम्मा नत्र मुतात असतो, आणि तोही युरियाच्या रूपात. शेणातल्या जीवाणूंशी गाठ पडली की एक-दोन दिवसांत त्याचा अमोनिया होतो. ऊन, वारा आणि उघडा पृष्ठभाग मिळाला की तो उडतो. पसरलेल्या खतातून जेवढा उडायचा, त्यातला बराचसा पहिल्या चोवीस तासांतच जातो, आणि पहिले काही तास सर्वांत महागात पडतात. पूर्ण कुजलेल्या खतातून कमी उडतो हे खरं. पण आपल्या गायरीत वर रोज ताजं शेण पडतं आणि उपसताना सगळं एकत्र होतं. माझी खूण साधी आहे: मूठभर खत नाकाशी धरा. मातीचा वास आला तर एखादा दिवस निभेल. नाक चुरचुरलं तर त्याच दिवशी मातीआड करा.

हिशोब करून बघा. शेणखतात नत्र जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे 10 टनांत 50 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असतो पावणेएकवीस किलो. म्हणजे कागदावर ही सुमारे अडीच गोण्यांची भर झाली. पण त्यातला बराच नत्र सेंद्रिय रूपात बांधलेला असतो आणि वर्षा-दोन वर्षांत सावकाश सुटतो. रोपाला लगेच मिळणारा भाग थोडा, आणि उडून जातो नेमका तोच.

ढिगल्यांचं नुकसान जुलैत दिसतं. बांधावर उभं राहा. जिथं ढिगली होती तिथं भाताचं काळपट हिरवं, गच्च वर्तुळ दिसेल, कारण पहिल्या सरींचं काळं पाणी तिथंच मुरलं. मधली सगळी जागा पिवळट. ते हिरवं वर्तुळ बघून खूश होऊ नका. करपा रोग आधी तिथंच दिसतो, आणि सप्टेंबरात आडवं पडतं तेही तेच.

म्हणून क्रम उलटा करा. आधी टिलरवाल्याचा दिवस पक्का करा, खत मागाहून हलवा. सकाळी जेवढं आणाल तेवढंच पसरा आणि त्याच दिवशी उलथून मातीत मिसळा. चार-पाच तासांत झालं तर उत्तम. एका दिवसात होणार नसेल तर मळ्याचे दोन भाग करा. ढगाळ, वारा पडलेला दिवस मिळाला तर सोडू नका. मॉन्सून जूनच्या पहिल्या आठवड्यात टेकतो आणि एकदा लागला की टिलरसाठी रांग लागते, तेव्हा फोन आजच करा.

ट्रॅक्टर आधीच येऊन गेला असेल तर सगळ्या ढिगल्या एका जागी ओढा. आंब्याच्या नाही तर फणसाच्या सावलीत एकच मोठा ढीग घाला, दाबून बसवा, वर चार बोटं माती आणि माडाची चुडतं (झावळ्या) टाका. ढीग हलवताना पांढऱ्या जाड अळ्या निघाल्या तर वेचून कोंबड्यांना घाला. माडाचा गेंड्या भुंगा इथूनच उठतो.

चुलीची राख गायरीत टाकू नका. आपल्या आजीही टाकायच्या, तरी टाकू नका. राख आणि चुना दोन्ही अमोनिया पळवतात. आपली जांभ्याची जमीन आंबट, तिला चुना लागतो, पण तो माती परीक्षणानुसार वेगळा द्या. चुना आणि शेणखत यांत दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आता दुकानाचं. "खत कुजवणारी" पावडर, ह्युमिकचे दाणे, काळ्या बादलीतलं टॉनिक यांवर या महिन्यात पैसे घालू नका. नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची जुनी 4 टक्क्यांची बाटली धरली, तर तिच्यात नत्र 20 ग्रॅम. एका ढिगलीतून तेवढा सहज उडून जातो. नत्र धरून ठेवायचाच असेल तर साधं सिंगल सुपर फॉस्फेट पुरे, टनाला 25 ते 30 किलो, गायरीतच थरांवर पसरून. सुधारित भाताची शिफारस हेक्टरी 100:50:50 किलो (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश). त्यातलं 50 किलो स्फुरद म्हणजे सुमारे 310 किलो सुपर. दहा टन खताला लागतं 250 ते 300 किलो. म्हणजे शेतात पडायची तीच गोणी आधी गायरीत गेली, जादा खर्च शून्य. शेतात देताना तेवढं वजा करा.

बाकी कामं:
- बियाणं मिठाच्या पाण्यात (10 लिटरला 300 ग्रॅम), तरंगणारं काढून, दोनदा धुऊन.
- रोपवाटिका: हेक्टरला 10 गुंठे.
- बांध, पाट, खाजनात (खाडीकाठच्या खारट शेतात) मानशीची, म्हणजे पाणी अडवायची, दारं: दुरुस्ती.
- पोफळीला कोळेरोगासाठी (सुपारी कुजून गळते तो) पावसाआधी 1 टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारा.
- माडाला 50 किलो, पोफळीला 12 किलो शेणखत. आळ्यात घालून वर माती आणि पाला.

कोंबडीखत वापरत असाल तर वरचं सगळं दुप्पट घाईनं. त्यात नत्र शेणखताच्या कितीतरी पट, आणि भिजलं की उडायला लागतो. उघड्या ट्रकमधून उतरवून रस्त्याकडेला ठेवलेलं, एक वळीव खाल्लेलं कोंबडीखत स्वस्तात मिळालं तरी मी घेत नाही.

बायोगॅसची स्लरी मळ्यात सोडायची तर चिखलणीच्या आधी, संध्याकाळी. रोवणीनंतर साचलेल्या पाण्यावर दुपारी ओतू नका. शेवाळामुळे दुपारी त्या पाण्याचा सामू (pH) चढतो आणि अमोनिया पाण्यावरूनच उडतो. तेव्हा द्यायचीच तर आधी पाणी काढा, स्लरी द्या, दुसऱ्या दिवशी पाणी घ्या.